कागदावर ‘पीत नाही’

“आ कर. फुंकर मार.”

डॉक्टरसाहेबांनी स्वतःच्या नाकाला रुमाल लावला होता. वास घ्यायचं काम शिपायाला दिलेलं. शिपाई माझ्या मालकांच्या तोंडापाशी वाकला. होटगीला रुळांवर खडी ओढणारा माझा नवरा, पन्नाशीला टेकलेला, लहान पोरासारखा तोंड उघडून उभा. दार सताड उघडं. बाहेर बाकांवर माणसंच माणसं. कुणीतरी हसलं.

“लवंगेचा वास येतोय, साहेब.”

“येणारच. मेंढरं राखणारी जात. दारू रक्तातच असते यांच्या.” मग माझ्याकडं वळले. “बाई, तू सांग. पितो का हा? पीत असेल तर गोळ्या कशाला देऊ? गटारात टाकल्यासारखं.”

मालकांना पांढरी कावीळ होती, डॉक्टर हिपॅटायटिस बी म्हणायचे ती. रक्तात मुरलेली, जन्मभराची. दारू म्हणजे विष.

बाकावर आमच्या गल्लीतली बाई कान देऊन बसली होती. मालक मान खाली घालून उभे.

“न्हाय साहेब,” मी म्हणाले. “शिवत सुदिक न्हाईत.”

साहेबांनी कागदावर लिहिलं. पीत नाही.

खोटं. काम सुटलं की मालक रोज प्यायचे. आणि ती लवंग त्यांच्या हातावर मीच ठेवली होती.

त्यानंतर कुणी धड विचारलं नाही. कागद बघायचे, गोळ्या द्यायचे. दवाखान्याच्या तारखेच्या आधी दोन दिवस मालक दारू घ्यायचे नाहीत. हात थरथरायचे. सोडायची होती त्यांना. एकदा मला म्हणाले, “कशी सोडायची, कुणाला इचारावं गं?”

कुणाला विचारणार? कागदावर तर ते पीतच नव्हते.

दुसऱ्या वर्षी पोट नगाऱ्यासारखं फुगलं. एका सकाळी रक्ताची उलटी झाली. रिक्षा येईपर्यंत डोकं माझ्या मांडीवर होतं. म्हणाले, “सायबाला सांगू नगंस.”

मरताना माणूस देवाचं नाव घेतो. लेकरांचं घेतो. माझे मालक साहेबाला भिऊन गेले. मी टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. दिवसभर मशीन धडधडतं. त्यातूनही ते वाक्य ऐकू येतं. कानात बोटं घातली तरी येतं.

मग माझं रक्त तपासलं. मलाही तीच कावीळ निघाली.

तोच दवाखाना. डॉक्टर नवीन, तरुण मॅडम. रिपोर्ट बघून म्हणाल्या, “लिव्हरला सूज आहे. पिता का? तुमच्याकडं बायकाही घेतात ना?” आणि नर्सला खूण केली. नर्स माझ्या तोंडापाशी आली.

दार उघडंच होतं.

मी ओठ घट्ट मिटले. मग बोलले. एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात बोलले नव्हते.

“कुत्रं हुंगतंय, मॅडम. माणसाला इचारत्यात. दार लावा आन् इचारा, खरं सांगते. इस्वास नसंल तर रक्त तपासा, लघवी तपासा. पर मला सांगून तपासा. माजं मालक पीत हुते. मी न्हाय म्हनले. हितंच, समद्यांदेखत, खोटं बोलले. तुमी गोळ्या तोडाल म्हून. आमाला हसाल म्हून. त्या खोट्यानं मेले ते.”

मॅडमचा चेहरा लाल. “बाहेर बसा. शेवटी बघू.”

बसले. चार तास. शेवटी आत बोलावलं, नर्सला बाहेर पाठवलं आणि मॅडमनी स्वतः दार लावलं. मग विचारलं. मी दारू पीत नाही, तेच सांगितलं. मी त्यांचे आभार मानले नाहीत. दार लावायला माझा माणूस मरावा लागला.

आता महिन्याला जाते. बाकावर नवरा-बायको नवे दिसले की त्यातल्या बाईशेजारी सरकून बसते. म्हणते, “माजा नवरा दारूनं मेला. आन् मी ती लपवली.” काही जणी तोंड फिरवतात. एक तर उठून दुसरीकडं जाऊन बसली. जाऊ दे. मालकांनी सांगू नको म्हटलं होतं. त्यांचं तेवढं एक मी ऐकणार नाही.