पप्पांची अंघोळ

पप्पा चर्चचे पाळक होते. निवृत्त झाल्यावर ते आणि आई सोनईजवळच्या आमच्या गावी राहायला गेले. मागच्या हिवाळ्यात पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात-पाय गेला, बोलणं मात्र शाबूत राहिलं. आईचे गुडघे दुखरे, तिला त्यांना उठवणं जमेना. म्हणून मी नगरच्या शाळेतून रजा काढून आलो.

पहिल्याच सकाळी अडलं. मी बाथरूममध्ये प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली, ऊन पाणी काढलं आणि त्यांच्या सदऱ्याची बटणं सोडायला गेलो. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"राहू दे. ओल्या फडक्याने पुसून घेईन माझं मी."

दुसऱ्या दिवशी तेच. शेजारचे काका, पप्पांचे जुने मित्र, उसाला पाणी देऊन घरी जाताना डोकावले. "पाळकसाहेब, मी हाय ना. दोघं मिळून घालू की अंघोळ." पप्पांनी त्यांना चहा पाजला आणि गोड बोलून वाटेला लावलं. कितीतरी आजाऱ्यांची अंथरुणं बदललेला हा माणूस, पण स्वतःचं अंग दुसऱ्याच्या हाती द्यायला त्याला संकोच वाटत होता.

पुढच्या सकाळी ते मला म्हणाले, "आता मी कुणाच्या कामाचा? नुसता भार."

आई उंबऱ्याशी लसूण सोलत होती. ती म्हणाली, "अहो, दरवर्षी ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी तुम्ही चर्चमधल्या मंडळीचे पाय धुवायचात. ऊसतोडीवरून आलेल्यांच्या भेगाळलेल्या टाचा परातीत घ्यायचात. कुणी पाय मागे घेतला, तर काय सांगायचात?"

पप्पा डाव्या हाताने सदऱ्याचं बटण चाचपू लागले.

"येशू शिष्यांचे पाय धुवायला बसला तेव्हा पेत्रानेही असाच पाय मागे घेतला होता, म्हणायचात. प्रभूला धुऊ दिलं नाहीस तर त्याचं-तुझं नातं ते काय राहिलं, असं विचारायचात. कृपा कमवायची नसते, नुसती घ्यायची असते, हे तर मी झोपेतही म्हणेन. ते काय फक्त मंडळीसाठी होतं?"

"ते ईश्वरविज्ञान झालं," पप्पा म्हणाले. "ही अंघोळ आहे."

"मग ते ईश्वरविज्ञान वापरायचं तरी कुठे?" आईने मांडीवरची सालं झटकली. "चला, पाणी निवतंय."

पप्पांनी डावा हात माझ्या खांद्यावर टाकला.

सुरुवातीला ते अंग आखडून बसले. दोन तांबे पाठीवर गेल्यावर खांदे सैल पडले. पायांना साबण लावताना मी त्यांच्या टाचा पहिल्यांदाच नीट पाहिल्या. सायकलवरून वस्त्या पालथ्या घातलेले ते पाय आता लहान मुलासारखे मऊ पडले होते.

"बोटांच्या बेचक्यांत राहिलंय," ते म्हणाले. अंघोळभर बोलले ते एवढंच.

मग सवय झाली. रविवारी काका येऊन त्यांची दाढी करायचे आणि पप्पा गाल फुगवून निमूट बसायचे. पाठ चोळताना मला "जरा जोर लाव" म्हणायचे.

ईस्टरला चर्चमध्ये नव्या पाळकांनी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. खुर्चीतूनच ते म्हणाले, "आयुष्यभर मी द्यायला शिकवलं. घ्यायचं कसं, ते आता घरचे मला शिकवताहेत." एवढं बोलून त्यांनी आशीर्वाद दिला.

घरी येताना आई रिक्षात हसत होती. म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदाच यांचं प्रवचन डुलकी न घेता ऐकलं."