वकीलबाईंनी न पाहिलेले गोल

फुटबॉल संघटनेचा सगळा कारभार ज्यांच्या हातात, त्या वकीलबाईंनी आयुष्यात एकही गोल धड पाहिला नव्हता, हे बाहेर कुणाला सांगून पटलं नसतं. संघटनेच्या कचेरीत मात्र शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक होतं. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी बैठक बसली की संघटनेचे प्रशिक्षक मुद्दाम विचारायचे, "बाई, कालचा दुसरा गोल काय सुंदर होता, नाही?" वकीलबाई चष्मा पुसत सांगायच्या, की पंच त्या वेळी मैदानाच्या मधोमध होता, त्याला दम लागला होता आणि त्याच्या डाव्या बुटाची नाडी सुटली होती. गोल कुणी मारला, हे त्यांना पेपरातून कळायचं.

कारण अगदी साधं होतं. बाई बॉलकडे बघतच नसत. सामना सुरू झाला की त्यांची नजर पंचावर जी खिळायची, ती शेवटच्या शिट्टीपर्यंत हलायची नाही. त्यांचे यजमान दातांचे डॉक्टर. गोल झाला की ते शेजारून बायकोला कोपराने ढोसायचे आणि "झाला हं" अशी बातमी द्यायचे. बाई वळून बघेपर्यंत खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडलेले असायचे. "वकिलाची खोड आहे," असं त्या म्हणायच्या. कोर्टात साक्षीदार बोलत असतो, पण वकील बघतो न्यायाधीशांच्या चेहऱ्याकडे. उत्तर झकास होतं, पण खरं नव्हतं. न्यायाधीशांची गाठ पडली त्याच्या कितीतरी आधी बाईंना ही खोड लागली होती.

त्यांचे वडील शिंपी. बाजाराच्या गल्लीत चिंचोळं दुकान, आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. आठवडाभर ते लोकांचे कोट आणि पँटी शिवायचे आणि सुट्टीच्या दिवशी, स्वतःच शिवलेला काळा शर्ट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर पंच म्हणून उभे राहायचे. दुकानात लोक त्यांना "मास्तर" म्हणत. मैदानावर ज्या नावांनी हाका मारत, ती घरात उच्चारण्यासारखी नव्हती.

लेक नेहमी बरोबर असायची. बाबांचा कोट मांडीवर घेऊन ती पहिल्या रांगेत बसायची. आजूबाजूची चांगली मोठी माणसं तिच्या वडिलांचा उद्धार करत असायची, आणि त्यातल्या एकालाही ही मुलगी कुणाची हे माहीत नसायचं. बाकीची पोरं बॉलच्या मागे माना वळवायची. ही फक्त बाबांकडे बघायची. आपण नजर काढली आणि तेवढ्यात त्यांना कुणी काही केलं तर, अशी तिला धास्ती वाटायची. एवढीशी पोर, पण डोळ्यात तेल घालून बापाची राखण करायची.

मग तो अंतिम सामना झाला. शहराचा संघ आणि पाहुणा संघ बरोबरीत होते, वेळ संपत आली होती. शहराच्या संघाचा कॉर्नर आला, एक खेळाडू आणि समोरचा गोलकीपर एकदमच उडाले, बॉल जाळ्यात गेला आणि गोलकीपर जमिनीवर आडवा. अख्खं मैदान नाचायला लागलं, आणि बाबांनी शिट्टी मारली. गोलकीपरला धक्का लागला, गोल रद्द. उरलेल्या वेळात पाहुण्यांनी गोल केला आणि करंडक घेऊन गेले.

पोलिसांनी बापलेकीला मागच्या दाराने बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी दुकानाची काच फुटलेली होती. लोक अर्धवट शिवलेली कापडं परत मागायला आले. शाळेत पोरं हिच्या मागे डोळे मिटून चाचपडत चालायची, आंधळ्या पंचाची मुलगी म्हणून. बाबांनी काळा शर्ट घडी करून कपाटात ठेवला आणि पुन्हा कधी मैदानाची पायरी चढले नाहीत. बाजारात जायचा जवळचा रस्ता मैदानावरून जात होता, तर ते लांबचा वळसा घालून जायला लागले. घरात त्या सामन्याचा विषय कुणी काढला नाही. लेकीने आपल्यापुरता निकाल लावून टाकला. बाबांचं बरोबर होतं, बाबांवर अन्याय झाला, आणि एक दिवस साऱ्या शहराला हे आपण पटवून देणार. वय काय, उंची काय, पण त्या दिवशी तिने बापाचं वकीलपत्र घेतलं.

पुढे ती खरोखरच वकील झाली. सुरुवातीची वर्षं भाडेकरू आणि घरमालक, सामाईक भिंती आणि गळक्या टाक्या यांतच गेली. मग एका तरुण पंचाला संघटनेने एका बड्या संघाच्या तक्रारीवरून घरी बसवलं, तो हिंडत हिंडत त्यांच्याकडे आला. बाईंनी त्या संघाच्या व्यवस्थापकाची अशी उलटतपासणी घेतली की तो पिंजऱ्यातून उतरताना चुकीच्या दाराने बाहेर पडला. पंचाला शिट्टी परत मिळाली. त्यानंतर जखमी झाले म्हणून वाऱ्यावर सोडलेले खेळाडू येऊ लागले, करार न वाचता सही करून बसलेले येऊ लागले. संघटना बाईंच्या विरुद्ध इतक्या वेळा हरली की शेवटी तेव्हाचे अध्यक्ष स्वतः त्यांच्या ऑफिसात येऊन बसले. "बाई," ते म्हणाले, "तुम्ही समोर बसता ते आता पुरे. आमच्या बाजूला येऊन बसा, म्हणजे आम्हाला झोप तरी लागेल."

बाई संघटनेत गेल्या. वकील मंडळींनी त्यांना "बॉलवाल्या बाई" म्हणून चिडवलं आणि फुटबॉलवाल्यांनी "वकीलबाई" म्हणून नाकं मुरडली. त्यांनी केलेल्या पहिल्या नियमावलीत एक वाक्य पानभर लांब होतं. ते मोठ्याने वाचताना प्रशिक्षकांना मध्येच पाणी मागावं लागलं. बाई ओशाळल्या, मग हसल्या, आणि प्रशिक्षकांना शेजारी बसवून सगळी नियमावली पुन्हा लिहून काढली. हळूहळू त्यांचा जम बसला. खेळाडूंचे करार खेळाडूंना कळतील असे झाले. पंचाला शिवीगाळ झाली की खेळ थांबेल, असा नियम आला. संघमालक आकाशपाताळ एक करायचे. बाई शांतपणे सगळं ऐकून घ्यायच्या आणि तो नियम पुन्हा एकदा वाचून दाखवायच्या.

हाताखालच्या वकिलांना त्या एकच गोष्ट सांगत. आधी अशिलाचं पूर्ण ऐकायचं, पुस्तक मग उघडायचं. हा नियम त्यांनी स्वतः कधी मोडला नाही, एका अशिलाचा अपवाद सोडून, आणि तो अपवाद त्यांच्या कधी ध्यानीमनीही आला नव्हता.

त्या वर्षी स्टेडियमात पंचांच्या नव्या खोल्या बांधून झाल्या. खुंट्या, गरम पाणी, आतून कडी लागणारं दार. अंतिम सामन्याच्या दिवशी त्या बाबांच्या हस्ते उघडायच्या आणि भरल्या स्टेडियमसमोर तो जुना निकाल बरोबर होता असं सांगायचं, हे बाईंनी मनाशी पक्कं केलं. तयारी अगदी खटल्यासारखी केली. तेव्हाच्या गोलकीपरला शोधून काढलं. त्याने धक्का लागला होता म्हणून छातीवर हात ठेवून सांगितलं. तेव्हाचे लाइनमन अंथरुणाला खिळले होते, तेही बाबांच्या बाजूने बोलले. भाषण तयार झालं. तयार नव्हते ते फक्त बाबा.

फोनवर त्यांनी आधी गुडघ्यांचं कारण सांगितलं. बाईंनी गाडी पाठवते म्हटलं. मग गर्दी सोसत नाही म्हणाले. बाईंनी वेगळ्या कक्षात बसवते म्हटलं. मग त्यांनी फोनच ठेवून दिला. बाबांनी ऐंशी ओलांडली होती. बाबा आता मैदानावर आले नाहीत तर कधीच येणार नव्हते, आणि फुटक्या काचेचं दुकान हीच त्यांच्या पंचगिरीची शेवटची आठवण राहणार होती.

त्या दुपारी बाई कचेरी सोडून थेट बाबांकडे गेल्या. दुकान कधीच बंद झालं होतं, पण मशीन खिडकीशी होतं आणि जाड भिंगाचा चष्मा लावून बाबा अजून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पँटी आखूड करून द्यायचे. लांबचं आता त्यांना फारसं दिसत नव्हतं, जवळचं मात्र सुईच्या नेढ्यापर्यंत लख्ख. लेक आत आली तसा त्यांनी आधी तिच्या कोटाचं अस्तर उसवलेलं पाहिलं आणि कोट काढून घेतला. ते टाके घालू लागले आणि वकीलबाईंनी, कोर्टात उभ्या राहतात तशा उभ्या राहून, भाषण वाचून दाखवलं. बाबांनी दोरा दाताने तोडला.

"गोलकीपरला विचारलंस?"

"विचारलं."

"लाइनमनला?"

"त्यांनाही विचारलं, बाबा."

"मला कधी विचारलंस?"

वकीलबाईंनी हातातला भाषणाचा कागद खाली केला. इतकी वर्षं कोर्टात काढली, पण असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"मला दिसलंच नव्हतं, पोरी," बाबा म्हणाले.

मग त्यांनी सुई टाचण्यांच्या उशीत खोचली आणि हळूहळू सांगितलं. दोन्ही पोरं एकदम उडाली आणि नेमकी कुणाची तरी रुंद पाठ मध्ये आली. ती पाठ बाजूला झाली तेव्हा बॉल आत होता आणि गोलकीपर खाली. सगळे त्यांच्याकडे बघायला लागणार होते. कुणाला तरी काहीतरी ठरवायला हवं होतं. "धक्का लागला असेल, नसेलही. मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही. पंचाला न दिसलेल्याचाही निकाल द्यावा लागतो. तो दिला की झालं. त्याचा खटला नाही चालवायचा."

"मग लोकांच्या शिव्यांना कंटाळून मैदान सोडलंत..."

"शिव्यांना कोण कंटाळतंय?" बाबा हसले. "एखाद्या सामन्यात कमी पडल्या तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं."

त्यांनी चष्मा काढला. "शिट्टी मारली आणि मी वर बघितलं. अख्खं मैदान गोलकडे बघत होतं. तू एकटी माझ्याकडे बघत होतीस. माझा कोट मुठीत आवळलेला, तोंड पांढरंफटक. तेव्हा लक्षात आलं की इतक्या वेळा आणलं, पण या पोरीने एकही सामना बघितलेला नाही. म्हणून सोडलं. म्हटलं, मी तिथे नसलो तर ही खेळ बघेल. आणि जावईबापू सांगतात की तू अजून पंचाकडेच बघत बसतेस."

वकीलबाईंना रडू आवरेना. बाबांना जे सगळ्यात प्रिय होतं, ते त्यांनी लेकीसाठी सोडलं होतं, आणि लेक तेच त्यांना मिळवून द्यायला आयुष्यभर भांडत होती. एकाच घरात राहून, एका ताटात जेवून, दोघांनी एकमेकांना विचारलं मात्र नव्हतं. बाबांनी कोट तिच्या खांद्यावर घातला आणि गिऱ्हाइकाचं फिटिंग बघावं तसे ते मागे सरून उभे राहिले.

"भाषण करणार नसशील तर येतो," ते म्हणाले.

बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

अंतिम सामन्याच्या दिवशी बाबा नव्या खोलीत शिरले. एकेक खुंटी हलवून बघितली, कडी लावून बघितली, नळ सोडून पाणी गरम होईपर्यंत त्याखाली हात धरून उभे राहिले. आमच्या वेळी झाडामागे कपडे बदलायचो, एवढंच म्हणाले. पण लेकीला कळलं की ते खूश आहेत. मग दोघं वर जाऊन यजमानांशेजारी बसली. उकडत होतं म्हणून बाबांनी कोट काढला, आणि बाईंनी तो न सांगताच मांडीवर घेतला.

पंच एक तरुण मुलगी होती, काळ्या शर्टात, ताठ. बाईंची नजर तिच्यावर खिळली ती खिळलीच. सामना बरोबरीत होता. वेळ संपायला आली आणि गोलपुढे एकच रेटारेटी झाली, कुणीतरी पडलं, सगळं स्टेडियम पेनल्टी मागत उभं राहिलं. मुलीने मान हलवली, खेळ चालू ठेवला. मागून कुणीतरी तिला एक सणसणीत शिवी घातली. बाईंच्या मुठीत कोट आवळला गेला.

त्या मुठीवर बाबांनी हात ठेवला. "तिच्याकडे मी बघतो," ते म्हणाले. "तू बॉलकडे बघ."

"तुम्हाला इथून ती दिसते तरी का, बाबा?"

"काळा ठिपका दिसतो. तेवढा मला पुरे. बॉल दिसत नाही, तो तू सांग."

वकीलबाईंनी मोठ्या कष्टाने नजर वळवली आणि सांगायला लागल्या. बॉल सध्या उजव्या बाजूच्या खेळाडूच्या ताब्यात आहे, त्याने हद्द ओलांडलेली नाही, प्रतिपक्ष हरकत घेतो आहे. यजमान तोंडावर रुमाल धरून हसत होते. पण बॉल काही वकिली वाक्यांसाठी थांबेना. तो पुढे गेला, मागे आला, एका किडकिडीत पोराच्या पायाशी आला, आणि बाईंची वाक्यं अर्धवट तुटायला लागली. "गेला, बाबा, एकाला चुकवलं... दुसऱ्याला... अरे, मार ना आता!" गोलकीपर झेपावला, बॉल त्याच्या बोटांवरून गेला आणि जाळं थरथरलं.

"आत गेला?" बाबांनी विचारलं.

"गेला, बाबा, गेला! मी बघितला!"

त्या उभ्या राहून, हातवारे करून, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगत सुटल्या. बाबा त्या काळ्या ठिपक्यावर नजर ठेवून ऐकत होते. कोट केव्हाच मांडीवरून घसरून पायाशी पडला होता, आणि तो उचलायचं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही.