लाकडाचा वास

आमच्या ह्यांच्या अंगाला दारूचा वास यायचा, आणि हे थेंबभरही पीत नसत. आमच्या वरवे गावात घरोघरी हे सांगून मी थकले. हायवेजवळच्या दारूच्या कारखान्यात हे लाकडी पिंपं दुरुस्त करायचे. पिंपात दारू वर्षानुवर्षं मुरली की तिला रंग आणि चव येते. पिंप गळायला लागलं की हे फळ्यांच्या फटीत वाळलेलं लव्हाळं ठोकून बसवत. ते लव्हाळं मी माहेरी, गुंजवण्याच्या ओढ्यावर कापून आणायची. पण भजनात ह्यांच्याजवळ कुणी बसत नसे. माझ्या सख्ख्या भावानं, जो स्वतः दर शनिवारी ढाब्यामागं प्यायला बसतो, त्यानं आपल्या मुलीच्या साखरपुड्यात ह्यांना मांडवाच्या पार टोकाला बसवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे नुसते हसले.

मला मात्र तो वास आवडायचा. ओल्या लाकडाचा, थोडा गुळासारखा.

मग कारखान्यात स्टीलची टाकी आली. तिच्यात दारू आणि भाजलेल्या लाकडाच्या ढलप्या घालून तापवायचं, वर मशीननं हादरे द्यायचे. वर्षांचं काम आठवड्यांत. ढलप्यांसाठी जुनी पिंपंच कापायची ठरली, आणि ती खोलता येणारा माणूस एकच होता.

त्या दिवशी हे जेवले नाहीत. "आज म्याच माजी पिंपं कापली," म्हणाले. "तुजं लव्हाळं निगालं फटीतनं. अजून घट्ट हुतं."

"सोडा ती नोकरी," मी म्हणाले.

"पिंपं सपली की तेच मला सोडत्याल."

तसंच झालं. आता हे पितात, सकाळपासून. मी हातापाया पडले, भांडले, रडले. शेवटी भावाकडं गेले. म्हटलं, दाजींना समजाव, तू चार शब्द बोललास तर ऐकतील. तो टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला, "ताई, दाजी पयल्यापास्नंच पित्यात. आता काय नवीन झालं?"

मी एसटीनं परत आले. हे ओसरीवर आडवे होते. उशी सरकवायला वाकले, तर ह्यांच्या तोंडाला नुसत्या स्पिरिटचा भपकारा आला. लाकडाचा वास कुठंच नव्हता. मी ह्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसून तो वास शोधत हुंगत राहिले.