इंजिनाला करडीचं तेल

आमच्या मालकांना दोन गोष्टींची भारी हौस होती. एक इंजिनाची, दुसरी सोवळ्याची. या दोन्ही हौशी त्यांनी एकाच विहिरीवर आणून भिडवल्या आणि त्यात माझा गहू मेला.

निजामाच्या अमलातली गोष्ट. पाटोद्याजवळच्या आमच्या गावात सगळ्यात मोठी जमीन मालकांची. त्यांनी विहिरीवर पाणी उपसायचं इंजिन बसवलं. टू-स्ट्रोक, असं मिस्त्री म्हणायचा. दिसायला एवढंसं, पण आवाज शेजारच्या गावाला ऐकू जायचा. ते चालवायला मला ठेवलं आणि पगाराऐवजी माझ्या दोन एकर गव्हाला त्याच विहिरीचं पाणी देऊ केलं. मालकांनी त्या विहिरीवरचे मोटेचे बैल विकले. मीही माझी जोडी विकली. इंजिनवाल्याला बैल कशाला हवेत!

नगरहून आलेला मिस्त्री जाताना बजावून गेला होता, जळायला रॉकेल घाला नाहीतर काळं तेल घाला, पण वंगण मात्र कंपनीच्या डब्यातलंच. मालकांनी रॉकेल निवडलं. का, तर ते स्वच्छ दिसतं! बरं, तिथवर काही बिघडलं नाही. मग त्यांच्या मेहुण्यानं कुठून तरी ऐकून आणलं की डब्यातल्या वंगणात चरबी असते. झालं! मालक त्या विहिरीच्या पाण्यानं रोज महादेवाला आंघोळ घालायचे.

"चरबीवर वढलेलं पानी देवाला घालू का बे?" मालक माझ्यावरच खेकसले. "आपल्या घाण्याचं करडीचं तेल घाल. आपुन रोज खातो, काय झालंय आपल्याला?"

मोटा शिवणारे एक म्हातारबा तिथंच बसले होते. इंजिन आल्यापासून या विहिरीवरचं त्यांचं काम गेलं होतं. ते म्हणाले, "मालक, करडीचं तेल कढवूनच आमी रोगण करतो. मोटंला लावलं की चामड्यावर चिकटून बसतंय. त्या तापल्या लोखंडात दुसरं काय व्हनार?"

"काम गेलं म्हणून लई पोटात दुखतंय व्हय?" मालक म्हणाले आणि भोवतीचे हुजरे खिदळले. अरे, याच गावात दर उन्हाळ्यात करडीचं तेल चुलीवर चढायचं, त्याच्या वासानं डोकी उठायची. आणि एकाही शहाण्याला ते आठवू नये? अक्कल काय बैलांबरोबर विकली होती?

मला आठवत होतं. पण लोक मला 'डायवरसाहेब' म्हणायला लागले होते आणि मला ते लई गोड लागत होतं. मी मुकाट्यानं वंगणाच्या वाटीत करडीचं तेल ओतलं. मालकांनी वरून हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला.

चार दिवस मालक मिशीला पीळ देत फिरले. पाचव्या दिवशी धुराला भजी तळल्यासारखा वास यायला लागला आणि आवाज जड झाला. आठव्या दिवशी चाक हलेना. चौघांनी जोर लावून पाहिला. शेवटी मी इंजिनाचं डोकं उघडलं, तर आतल्या दट्ट्याभोवती पिवळट चिवट थर बसलेला, नखानंही निघेना.

गहू तेव्हा निसवून ओंब्या आल्या होत्या, दाणा अजून चिकात, दुधासारखा. अजून दोन पाणी हवी होती. मिस्त्री यायला पंधरा दिवस लागले. गावातले बाकीचे बैल ज्याच्या त्याच्या मोटेला जुंपलेले, मला कोण देणार? मी आणि बायको घागरींनी पाणी घालत सुटलो. दोन एकराला घागरी! आमचंच आम्हाला हसू यायचं, मग रडू यायचं.

मालकांचं काय गेलं? त्यांना दुसरी विहीर होती, तिच्यावर मोट चालूच होती. चावडीवर बसून तोंड वर करून सांगायचे, "परमुलखातला माल हाय तो. त्याला आपली हवा मानवत न्हाई."

मिस्त्री आला त्या दिवशी बायकोनं गव्हाची ओंबी तळहातावर चोळली. नुसता भुसा निघाला. मी मालकांना शिव्या घालायला लागलो, त्यांच्या मेहुण्यालाही सोडलं नाही.

"मालकाला कळत नव्हतं," ती म्हणाली. "तुमाला कळत व्हतं."

आणि विळा घेऊन ती तो गहू वैरणीसाठी कापायला लागली.