खोलीबाहेरचा संयोजक

बॅनर एका बाजूने सारखा खाली येत होता. मी स्टुलावर चढून त्याला दोरी बांधत होतो आणि लेखन गटाचे सदस्य हातात पेन धरून ताटकळले होते. लिहायला नव्हे, फोटोला.

आमचं कॉलेज नंदुरबार जिल्ह्यातलं. मी तिथे भूगोल शिकवतो. शिक्षकांनी आणि ऑफिसच्या मंडळींनी दर शनिवारी एक तास एकत्र बसून आपापलं लिहावं, म्हणून प्राचार्यांनी हा गट काढला आणि मला संयोजक केलं. कल्पना साधी होती. एकटा माणूस लिहायला बसला की पाच मिनिटांत उठतो. चारचौघांत बसला की लाजेने तरी बसून राहतो.

ती साधी राहणार नाही याची काळजी मी घेतली. आधी स्वागत, गुलाबाचं फूल. मग माझं प्रास्ताविक. मग जिओटॅग फोटो, म्हणजे ज्यावर ठिकाण आणि वेळ आपोआप उमटते तो. कॉलेजच्या मूल्यांकनात पुरावा म्हणून तोच चालतो. मग चहा. उरलेल्या वेळात लेखन. उरलेला वेळ म्हणजे चहाचे कप गोळा होईपर्यंतचा.

आमचे हेडक्लार्क आबा पाटील कोरीटचे. त्यांना गावाचा इतिहास लिहायचा होता. एकदा माझ्या प्रास्ताविकाच्या मध्येच ते म्हणाले, "सर, तुम्ही बोली ऱ्हायनात, मंग आम्ही कव्हय लिखसूत?"

सगळे हसले. मीही हसलो आणि त्याच मुद्द्यावर आणखी थोडं बोललो.

हसल्या नाहीत त्या फक्त गावित मॅडम. अर्थशास्त्राच्या, नवापूरकडच्या. तिकडच्या डोंगरातली कुटुंबं मजुरीसाठी दरवर्षी राज्याच्या सीमेपलीकडे जातात, त्यावर त्यांची पीएचडी चालली होती. पीएचडीच्या नोंदणीला मुदत असते. ती संपली की वाढवून मिळते, त्याला एक्स्टेंशन म्हणतात. मॅडमचं शेवटचं एक्स्टेंशन सुरू होतं आणि शेवटचं प्रकरण लिहायचं बाकी होतं. ते वेळेत गाइडकडे गेलं नाही तर नोंदणी रद्द, आणि इतक्या वर्षांची पायपीट कपाटात. हे मला चांगलं ठाऊक होतं. प्रास्ताविकात मी त्याचं उदाहरण द्यायचो.

मग मॅडम यायच्या बंद झाल्या. फोटोत डोकी कमी दिसायला लागली तेव्हा मी शोधायला निघालो. वनस्पतिशास्त्राच्या मागे एक खोली आहे, तिथे वाळवलेल्या पानांचे नमुने ठेवतात. कोणी फिरकत नाही. मॅडम तिथे लॅपटॉप उघडून बसल्या होत्या.

"मॅडम, गट सोडला की काय?"

"सर, राग मानू नका. पोराला आईकडे ठेवून शनिवारी एक तास काढते मी. तो तुमच्या बोलण्यात जातो."

मी राग मानला नाही असं दाखवत घरी आलो. बायकोला सांगितलं, या वयात असं ऐकून घ्यावं लागतं म्हणून. तिने मेथी निवडताना वरसुद्धा पाहिलं नाही. "घरमा तरी तुम्ही कव्हय गप बठनात?" एवढंच म्हणाली.

पुढच्या शनिवारी मी गटच त्या खोलीत नेला. बॅनर नाही, फुलं नाहीत. सगळे खाली माना घालून लिहायला लागले. मीही तापीकाठच्या विहिरींवरचा माझा जुना पेपर उघडला, एक ओळ लिहिली आणि आबांना विचारलं, कोरीटला आधी विहीर आली की चावडी? आबा खुलले. मॅडमनी लॅपटॉप मिटला.

"सर, एक काम कराल?" त्या अगदी नम्रपणे म्हणाल्या. "बाहेर खुर्ची टाकून बसाल?"

काम अपमानाचं होतं, पण गरजेचं होतं. आमच्या कॉलेजात बंद दार दिसलं की ते उघडून "काय चाललंय?" विचारल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. कुणाला सही हवी असते, कुणी वाढदिवसाच्या केकला बोलवायला येतं. मी दारात बसलो आणि येईल त्याला गप्पांत धरलं. माणसं आपण कशाला आलो होतो ते विसरून परत जायची. इतकं जमलेलं काम मी नोकरीत दुसरं केलं नसेन.

मॅडमच्या मुदतीआधीच्या शेवटच्या शनिवारी प्राचार्यच आले. धडगावचे एक अधिकारी पाहुणे गेटवर पोचले होते आणि सूत्रसंचालनाला गावित मॅडम हव्या होत्या. आमच्याकडे कार्यक्रम कुठलाही असो, माइक त्यांच्याच हातात देतात.

"सर, त्या येणार नाहीत," मी म्हणालो.

"मी विचारतो त्यांना."

मी खुर्चीतून उठलो, पण दारातून हललो नाही. "त्या नाही म्हणू शकणार नाहीत, सर. म्हणून मीच म्हणतोय. सूत्रसंचालन मी करतो."

"तुम्ही?" प्राचार्यांचा चेहरा उतरला. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा गेटकडे. वेळ नव्हता.

मी पाहुण्यांचा परिचय सातपुड्याच्या भूरचनेपासून सुरू केला. पाहुण्यांना परत जाताना उजेडात घाट चढायचा होता. ते भाषण न करताच, शाल हातात घेऊन, हळूच मागच्या दाराने निघून गेले. प्राचार्य चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मॅडमनी त्याच दुपारी प्रकरण गाइडला पाठवलं. पुढे प्रबंधही मुदतीत जमा झाला. आबांचा इतिहास मोगलांपर्यंत आला आहे. माझा पेपर होता तिथेच, त्या एका ओळीवर आहे.

कुणाला असा गट काढायचा असेल तर अनुभवाने सांगतो. संयोजक जरूर नेमा, आणि त्याला खुर्ची द्या. फक्त ती खोलीबाहेर ठेवा.