मास्तर एकदाच बसने गेले

मास्तरांनी उभ्या आयुष्यात बसचं तिकीट काढलं नाही, असं आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत कुणीही सांगेल. पुण्याला जायचं असो, कोल्हापूरला नाहीतर गावाला, मास्तर जाणार ते ट्रेननेच. पण हे खरं नाही. मास्तर एकदा बसने गेले होते. सोसायटीत ते फक्त त्यांच्या बायकोला, काकूंना माहीत आहे आणि मला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, स्टेशनमास्तरमधले. आणि तेही खरे नव्हेत. तरुणपणी ते माझ्या बाबांबरोबर गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर अंधेरीला एका ऑफिसात टपाल सांभाळायचे. रेल्वेचा पगार त्यांनी कधी घेतला नाही, पण काम आयुष्यभर केलं. त्यांच्याकडे वेळापत्रकाचं एक जुनं पुस्तक होतं. पुठ्ठा निघालेला, चिकटपट्टी लावलेली, आणि बदललेल्या वेळा पेन्सिलीने कडेला लिहिलेल्या. पुढे सगळं मोबाईलवर आलं, तरी मास्तर मोबाईलवरची वेळ आधी पुस्तकात ताडून बघायचे आणि मगच मान हलवायचे.

गणपती आणि शिमगा या दोन सणांच्या चार महिने आधी मास्तरांचा सीझन सुरू व्हायचा. सोसायटीतल्या अर्ध्या घरांची गावं कोकणात. त्या सगळ्यांचे रिझर्वेशनचे फॉर्म मास्तर स्वतःच्या ठसठशीत अक्षरात भरायचे आणि पहाटे घडीचं स्टूल घेऊन खिडकीसमोर पहिला नंबर लावायचे. फॉर्मवर वय लिहावं लागतं. त्यामुळे सोसायटीतल्या समस्त बायकांची खरी वयं एकट्या मास्तरांना माहीत होती. हळदीकुंकवाला कुणी पन्नाशीच्या पुढे जायला तयार नसे, आणि मास्तर पेपरमागे तोंड लपवून हसत बसायचे. पण त्यांनी कधी कुणाचं वय फोडलं नाही. पोटात ठेवायचं ते पोटात ठेवणारा माणूस, अशीच त्यांची ख्याती होती.

खरं सांगायचं तर बोरिवलीकराला गावी जायला बस सोयीची. हायवे आमच्या गेटपासून पाच मिनिटांवर. संध्याकाळी जेवणाचा डबा घेऊन चढावं, सकाळी गावच्या फाट्यावर उतरावं. पण मास्तरांमुळे आम्ही सगळे तांदळाच्या पिठाचे डबे, पंखे, मिक्सर असलं सामान घेऊन भल्या पहाटे दादर गाठायचो. कुणी कुरकुर केली की मास्तर म्हणायचे, "बस ड्रायव्हरच्या मर्जीवर चालते रे. त्याला जेवायचं तिथे तो थांबणार, वळायचं तिथे वळणार. गाडीला रूळ असतो. मनात आलं तरी दुसरीकडे जाता येत नाही. विश्वास ठेवायचा तर रुळावर ठेवावा." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते मला माझंच वाटायला लागलं होतं.

त्यांचं दुसरं एक म्हणणं होतं, ते मला जास्त आवडायचं. गाडी उशिरा येणार असेल आणि फलाटावर कुणी नीट सांगत नसेल, की शांत स्वभावाचे मास्तर खवळायचे. "लेट असेल तर लेट सांगा ना! येतेय, येतेय करून माणसाला उभा कशाला करता? लेट सांगितली की माणूस चहा पिऊन येतो, घरी फोन करतो. खोट्या टायमिंगने त्याचा जीव टांगणीला लागतो." एकदा तर त्यांनी चौकशीच्या खिडकीवर हे इतक्या जोरात सुनावलं की मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. मास्तर लाजून वेटिंग रूममध्ये जाऊन बसले.

बाबा आणि ते एकाच गावचे, एकाच वाडीचे. रिटायर झाल्यावर बाबा आईला घेऊन गावी दादाकडे राहायला गेले आणि बोरिवलीच्या घरात मी एकटी राहिले. निघताना बाबा मास्तरांना म्हणाले, "माझ्या चेडवाक बघ." माझ्या पोरीकडे लक्ष दे, एवढंच; पण मास्तरांनी ते मनावर घेतलं. मी गावी निघाले की ते दादरपर्यंत पोचवायला यायचे, डब्यात चढून सीटचा नंबर बोटाने तपासायचे, मग खाली उतरून खिडकीच्या गजांवर दोनदा टकटक करायचे. दिवसभर त्यांचे फोन. "पनवेल सोडलंस? चिपळूण इला? वडा घेतलंस की नाय?" एरवी मास्तर बोरिवलीचं मराठी बोलायचे, माया आली की मालवणीवर यायचे. डब्यातले लोक विचारायचे, वडील का? मी हो म्हणायचे. कोण समजावत बसणार, आणि खोटं तरी काय होतं त्यात?

त्या वर्षी शिमग्यासाठी माझं सकाळच्या गाडीचं रिझर्वेशन होतं. अर्थात मास्तरांनीच काढलेलं. आदल्या दिवशी संध्याकाळी ऑफिसात दादाचा फोन आला. बाबांना बरं नाही, दवाखान्यात ठेवलंय, ये. दादाचा आवाज मला बरा वाटला नाही. मी तशीच उठले, घरी आले, पिशवीत दोन कपडे कोंबले आणि मोबाईलवर बसची तिकिटं बघायला लागले. सातची बस मिळाली तर सकाळी बाबांजवळ असेन, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात मास्तर आले. दादाने त्यांनाही फोन केला होता म्हणाले. त्यांनी माझ्या हातातला मोबाईल घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"बस नाही मिळणार. शिमग्याची गर्दी आहे. मी आत्ता नाक्यावर विचारून आलो, सगळ्या फुल्ल."

"एक तरी सीट असेल मास्तर. ड्रायव्हरच्या बाजूला बसेन."

"नाही म्हटलं ना. उद्याची तुझी सीट कन्फर्म आहे. एक वाजता स्टेशनला उतरशील, दीडला घरी. रात्रभर बसमध्ये धक्के खाऊन तू काय करणार आहेस?"

"बाबा बरे आहेत ना पण?"

मास्तर म्हणाले, "म्हातारपण आहे. जेवून घे आणि झोप." त्या सबंध बोलण्यात एकही शब्द मालवणी नव्हता. हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. मास्तरांनी फुल्ल सांगितली म्हणजे फुल्ल; त्यावर पुन्हा मोबाईल उघडून बघणं मला त्यांचा अपमान वाटला असता.

सकाळी ते पोचवायला आले नाहीत. आदल्या संध्याकाळीच म्हणाले होते, गुडघा धरलाय. मी एकटी दादरला गेले. बाबांना चहात बुडवून खायला आवडते म्हणून बोरिवलीच्या बेकरीतली खारी घेतली होती, ती मोडू नये म्हणून मांडीवर धरून बसले. पनवेल गेलं, फोन नाही. चिपळूण गेलं, फोन नाही. मी लावला तर बंद. पुढे एका लहानशा स्टेशनात गाडी क्रॉसिंगला थांबली ती हलेचना. एकेरी मार्ग, समोरून एक गाडी आली, दुसरी आली, तिसरी आली. मला काळजी वाटत होती, पण फार नाही. गाडी रुळावर होती आणि बाबा दवाखान्यात होते. दोन्ही ठिकाणी माणसं होती. एकची गाडी साडेचारला पोचली.

स्टेशनवरून रिक्षा केली. वाडीच्या वळणावर समोरून दहा-पंधरा पुरुष येताना दिसले. सगळ्यांचे केस ओले, खांद्यावर पंचे, कुणाच्या पायात चप्पल नाही. आमच्याकडे नदीवर आंघोळ करून असे सगळे एकदम कधी परततात, ते लहान मुलालाही कळतं. मी रिक्षा थांबवली. सगळ्यांच्या मागे मास्तर होते. त्यांच्याही केसांतून पाणी गळत होतं.

बाबा गेले हे मला तिथे त्या रस्त्यावर कळलं, आणि तरी माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा: "तुम्ही कशाने आलात?"

मास्तर म्हणाले, "बशीन."

मग तेच पुढे बोलायला लागले. "गाडी एकाक येवची होती गो बाय. मी तीन वाजेपर्यंत सगळ्यांका थांबवून ठेवलंय. भटजी ऐकाक तयार नव्हते, ऊन केवढा... कालपासून ठेवलेले..."

"गाडीवर एवढा विश्वास होता, तर तुम्ही का नाही आलात गाडीने?"

मास्तर हातातला पंचा पिळत उभे राहिले. पंच्यात पाणी उरलं नव्हतं, तरी पिळत राहिले. खारीचा पुडा माझ्या हातातच होता.

नंतर सगळं कळलं. बाबा आदल्या दिवशी दुपारीच गेले होते. दवाखान्यापर्यंत न्यायची वेळच आली नव्हती. दादाने मास्तरांना खरं सांगितलं आणि मला सांगू नका म्हणाला. पोर एकटी आहे, रस्त्यात काही झालं तर? आपल्याकडे असंच करतात. माणूस गेलेलं असलं तरी 'सिरीयस आहे, निघ' म्हणून सांगतात. मीसुद्धा कुणाकुणाला असं सांगितलेलं आहे. दादावर मी चार दिवस राग धरला आणि सोडून दिला. आई मध्ये होती, दिवस करायचे होते. घरच्या माणसाशी फार काळ भांडता येत नाही.

मास्तरांवरचा राग गेला नाही. तो का गेला नाही, ते तेरावं उरकून परत आल्यावर पक्कं झालं. नाक्यावर तिकिटांचं टेबल लावून बसणाऱ्या माणसाला मी सहज म्हणावं तसं विचारलं, शिमग्याच्या आधी त्या दिवशी सातची बस फुल्ल होती ना? तो म्हणाला, "नाही ताई. कोणीतरी कॅन्सल केल्या, म्हणून शेजारशेजारच्या दोन सीट होत्या. पाचच्या सुमाराला एक मास्तरांनी घेतली. मला तर आश्चर्यच वाटलं, मास्तर आणि बस! दुसरी तशीच रिकामी गेली."

म्हणजे माझ्यासमोर उभे राहून फुल्ल सांगताना मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात त्यांचं तिकीट होतं. आणि त्यांच्या शेजारची सीट बोरिवलीपासून गावापर्यंत रिकामी गेली. त्या सीटवर बसून मी रडत गेले असते. ओरडले असते, ड्रायव्हरला बस थांबवायला लावली असती, जे काय व्हायचं ते झालं असतं. पण सकाळी बाबांच्या उशाशी बसले असते. त्यांचा चेहरा बघितला असता.

मास्तरांनी मला दुःख होऊ नये म्हणून हे केलं, असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. मित्राचं तोंड शेवटचं बघायचं म्हटल्यावर त्यांनी स्वतः रुळावर विश्वास ठेवला नाही, बस पकडली. आणि रडणारी मुलगी रात्रभर शेजारी नको म्हणून मला ट्रेनच्या हवाली केलं. मी चुकत असेन. पण पंचा पिळत उभे राहण्याशिवाय दुसरं उत्तर त्यांनी मला कधी दिलं नाही.

गणपतीच्या आधी ते दारात आले. हातात माझा फॉर्म, नाव, वय, सगळं भरलेलं, फक्त सही राहिलेली. मी म्हटलं, "मी बसने जाणार आहे." मास्तरांनी फॉर्मची घडी घातली, खिशात ठेवली आणि "बरं" म्हणून जिना उतरले. त्यानंतर त्यांनी सोसायटीत कुणाचेच फॉर्म भरले नाहीत. डोळे साथ देत नाहीत म्हणायचे. मला बस लागते. घाट सुरू झाला की लिंबू हुंगत, पिशवी तोंडाशी धरून मी बसते. तरी त्या हट्टापायी मी दरवर्षी बसनेच गेले. जिन्यात दिसले तर आम्ही दोघं एकमेकांना वाट द्यायचो. मास्तर भिंतीला इतके चिकटून उभे राहायचे की मलाच लाज वाटायची. पण मी बोलले नाही.

गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी मी आठवडाभर पुण्याला होते. सकाळी सहाला काकूंचा फोन आला. "बाय, हे गेले. पहाटे. साडेअकराला नेणार आहेत."

इतकं सरळ कुणी सांगत नाही. काकूच पुढे म्हणाल्या, "त्यांनी बजावून ठेवलं होतं मला. पहिला फोन बायला करायचा. सिरीयस म्हणायचं नाही, गेलो म्हणून सांगायचं. आणि टाइम सांगायचा."

मी खाली आले आणि रिक्षात बसून म्हणाले, स्टेशन. बसस्टँड म्हणायचं होतं, इतक्या वर्षांची सवय तीच होती. तोंडातून स्टेशन आलं. सकाळची पहिली मिळेल ती गाडी पकडली. तिकीट साधं, सीट नाही, दारापाशी सामानावर बसले. ती गाडी कुठेही थांबून राहिली नाही. बाबांच्या वेळी साडेतीन तास लेट आणि मास्तरांच्या वेळी दादरला तीन मिनिटं आधी! मला तेव्हा इतका संताप आला की फलाटावर उतरून मी रडले. बाजूचे लोक समजले, कुणीतरी गेलंय.

अकराच्या आधी बोरिवलीला पोचले. मास्तर खालच्या पॅसेजमध्ये होते. सगळी सोसायटी उभी होती. काकूंनी मला पुढे घेतलं आणि मास्तरांच्या तोंडावरची चादर बाजूला केली. मी बघितलं. सावकाश, पोटभर बघितलं. बाबांचं बघायचं राहिलेलंसुद्धा त्यातच बघून घ्यायचा प्रयत्न केला. ते काही जमलं नाही; चेहरा मास्तरांचाच होता.

सगळ्यांना वाटलं मी नमस्काराला वाकले. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "मास्तर, अजून माफ केलेलं नाही. करीन की नाही तेही माहीत नाही. उगीच वाट बघत उभे राहू नका. लेट आहे, म्हणून लेट सांगतेय."

मग मी बाजूला झाले. साडेअकरा वाजत आले होते आणि मास्तरांना वेळेवर निघायला आवडायचं.