आई आणि वेराची मराठी

कुणी चमत्काराच्या गोष्टी सुरू केल्या की मी उठून चहा टाकायला जाते, हे माझ्या घरचे कुणीही सांगतील. मी भूल देणारी डॉक्टर. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय, म्हणून लिहिते...

ऐंशीच्या दशकाचा मध्य, इंग्लंडमधलं साउथहॅम्प्टन बंदर; मी तिथल्या हॉस्पिटलमध्ये होते. आई सांगलीहून माझ्याकडे आली होती. तिचं इंग्रजी 'थँक्यू'पाशी संपायचं. त्या दुपारी माझी ड्यूटी संपल्यावर आम्ही शॉपिंगला जाणार होतो, म्हणून सिस्टरनं तिला वॉर्डातच एका पेशंटशेजारी बसवलं होतं.

ती पेशंट म्हणजे वेरा — सोव्हिएत मालवाहू जहाजावरची स्वयंपाकीण. अपेंडिक्स फुटायच्या बेतात, आणि बाई ऑपरेशनला काही केल्या तयार होईना! सोबत जहाजावरचा एक अधिकारी होता, तोच दुभाषा. "सुईला घाबरते," एवढंच तो इंग्रजीत सांगायचा.

मी पोचले तेव्हा तो फोन करायला बाहेर गेला होता. बघते तर वेरा आईचा हात धरून भराभरा बोलतेय — रशियनमध्ये! आणि आई मराठीत उत्तरं देतेय.

"आई, अगं काय चाललंय?"

"सुईला नाही घाबरत गं ती! तिच्या स्कर्टच्या दुमडीत क्रॉस शिवलाय, आजीनं दिलेला. ऑपरेशनला कपडे काढले की ते त्या माणसाच्या ताब्यात जाणार. त्यांच्या सरकारला देवधर्म चालत नाही म्हणे. सापडला तर तिची जहाजावरची नोकरी गेलीच."

"तुला कुणी सांगितलं हे?"

"तिनंच. मराठीत तर बोलतेय! जरा मिरजेकडचा हेल आहे, एवढंच."

मी पडदे ओढले, स्कर्टची दुमड चाचपली... बोटाला काहीतरी टणक लागलं. टाके कापायच्या कात्रीनं शिवण उसवली. नखाएवढा क्रॉस! आईनं तो कपाळाला लावला आणि पर्समध्ये ठेवला. "तू बरी होईपर्यंत माझ्याकडे राहील हा. तुझ्या देवाची प्रार्थना मला येत नाही, मी आपली माझ्या गणपतीला सांगते."

वेरा खुदकन हसली आणि मान डोलावली. अधिकारी परत आला तर ही तयार! तो माझ्याकडे बघतच राहिला. आई त्याला म्हणाली, "थँक्यू."

ऑपरेशन छान झालं. दोन दिवसांनी वेराचे कपडे तिला परत मिळाल्यावर आईनं सुईदोरा नेऊन क्रॉस परत जागच्या जागी शिवून दिला.

मी मुद्दाम घरी रेडिओवर रशियन बातम्या लावून पाहिल्या. आई म्हणाली, "काय कोकलतायत गं हे?"

नव्वदच्या दशकात, ते सरकार गेल्यावर, वेराचं जहाज पुन्हा साउथहॅम्प्टनला लागलं. हॉस्पिटलमध्ये माझी चौकशी करत ती घरी आली, क्रॉस गळ्यात उघडा. सोबत इंग्रजी जाणणारी मैत्रीण होती. तिच्या तोंडून वेरानं विचारलं, "तुमच्या आई कुठायत? आमच्या गावची बोली इतकी छान बोलायच्या!"

मी थक्कच. लगेच सांगलीला फोन लावला. वेरा भरभरून बोलली, आणि मग आईचा आवाज —

"अगं, तिला म्हणावं, मराठीत बोल की! एक अक्षर कळत नाहीये."

वेराही रिसीव्हरकडे गोंधळून बघत होती. मग दोघी एकमेकींची नावं घेऊन हसत सुटल्या, आणि बराच वेळ नुसत्या हसतच राहिल्या.

त्या दुपारी वॉर्डात दोघी नेमक्या कुठल्या भाषेत बोलल्या, ते मला आजही सांगता येत नाही. आईला विचारलं तर म्हणते, "मराठीत. दुसरी मला येते कुठं?"